बिघडलेली दुरुस्ती

शिंप्याकडे सदरा शिवावयास टाकला आणि त्याने बाही आखूड केली, तर ती चूक आरशात दिसते. सोनाराने दागिन्यात खोट घातली, तर कसोटीचा दगड ती सांगतो. परटाने धोतर फाडले, तर घडी उलगडताच ते कळते. मोटारीच्या गॅरेजचे मात्र तसे नाही. गाडी सकाळी आत जाते, संध्याकाळी धुऊनपुसून बाहेर येते, आपल्या हाती बिल पडते आणि आपण किल्ली घेऊन निघतो. आत काय झाले हे आपण पाहिलेले नसते; पाहिले असते तरी आपल्याला ते कळले असतेच असे नाही. ते कळते पुढे, रस्त्यावर. आणि कधी कधी फार उशिरा.

म्हणून गॅरेजच्या व्यवहारात गिऱ्हाइकाची बाजू मुळातच दुबळी असते. ती सबळ कशी करावी, आणि विशेषतः दुरुस्त करावयास दिलेली गाडी अधिक बिघडून परत आली असता कसे वागावे, एवढाच आमचा आजचा विषय आहे. विषय थोर नाही, हे आम्ही जाणतो. परंतु श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या दारी मोटार आहे, आणि ज्यांच्या दारी नाही तेही कोणाच्या ना कोणाच्या मोटारीत बसतातच. ब्रेक सर्वांचा सारखाच लागावा लागतो.

प्रथम आमची स्वतःची फजिती सांगतो. कारण या विषयातले आमचे सारे शहाणपण तिच्यातून आलेले आहे.

वाईला आप्तांकडे लग्न होते. पुण्याहून निघावयाच्या आदल्या दिवशी आम्ही गाडी सर्व्हिसिंगला दिली. ऑइल बदलले, ऑइल फिल्टर बदलला, बिल चुकते केले. जॉब कार्डावर सही करताना त्यावर काय छापले आहे हे आम्ही वाचले नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच माणसे घेऊन निघालो. त्यांत आमच्या ऐंशी वर्षांच्या मातोश्रीही होत्या. शिरवळच्या अलीकडे समोरच्या फळीवर ऑइलच्या डब्याचे चिन्ह असलेला लाल दिवा लागला. दैव बरे म्हणून आम्ही तो पाहिला आणि गाडी तशीच कडेला घेऊन इंजीन बंद केले. खाली वाकून पाहिले, तो मागच्या रस्त्यावर काळी धार उमटलेली.

या लाल दिव्याचा अर्थ येथेच सांगून टाकतो. तो ऑइल किती उरले आहे हे सांगत नाही. ऑइलचा दाब गेला, हे सांगतो. इंजिनात फिरणारा दांडा आणि त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा पातळ पडदा असतो, आणि त्या दाबावरच तो टिकून असतो. दाब गेला की धातूवर धातू घासू लागतो आणि थोडक्या मिनिटांत इंजीन जाम होऊ शकते. शिरवळपासून खंबाटकीचा घाट फार दूर नाही. घाटात चालते इंजीन बंद पडले तर स्टिअरिंग जड होते, आणि ब्रेक पायाखाली दगडासारखा लागू लागतो. म्हणजे प्रश्न केवळ ऑइलच्या किमतीचा नव्हता.

शिरवळमधून एक मिस्त्री आला. तो गाडीखाली सरकला, विजेरीने पाहिले आणि बाहेर येऊन म्हणाला, "काका, फिल्टरच्या कडेनं ऑइल गेलंय. रिंग डबल बसलीय असं वाटतंय." आम्ही घाईत होतो. त्याला म्हटले, "मग खोल आणि नीट करून टाक." त्यावर त्याने जे उत्तर दिले ते आम्ही आजन्म विसरणार नाही. तो म्हणाला, "मी आत्ता खोलला, तर उद्या तुमचा गॅरेजवाला म्हणंल, शिरवळच्या मिस्त्रीनंच बिघडवली. आधी फोटो काढा. त्याला फोन लावा. मग सांगा, खोलू का नको."

वकिलाने शंभर पानांत सांगितले असते ते या माणसाने चार वाक्यांत सांगितले. बिघाड हाच पुरावा आहे, आणि तो दुरुस्त झाला की पुरावा नष्ट होतो! ज्याच्यावर आपला आरोप आहे त्याला तो बिघाड जसाच्या तसा दाखवण्याआधी दुसऱ्याचा हात त्याला लागू देऊ नये.

'डबल रिंग' म्हणजे काय, तेही सांगावयास हवे. पुष्कळ गाड्यांत ऑइल फिल्टर हा डब्यासारखा असून तो इंजिनावर आट्यांनी फिरवून बसवतात. त्याच्या तोंडाशी रबरी रिंग असते. जुना फिल्टर काढताना ती रिंग कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. मिस्त्रीने फडक्याने ती जागा पुसली तर रिंग हाताला लागते. न पुसता नवा फिल्टर बसवला, की रिंगवर रिंग बसते. गाडी गॅरेजमध्ये चालू करून पाहिली तर सर्व ठीक दिसते. परंतु हमरस्त्यावर ऑइलचा दाब वाढला की दुसरी रिंग जागेवरून सरकते आणि इंजिनातले तीनचार लिटर ऑइल बघता बघता रस्त्यावर जाते. चूक एका फडक्याची. किंमत एका इंजिनाची.

असो. आम्ही फोटो काढले: गाडीखालची धार, फिल्टरची कड, कोरडी पडलेली ऑइलची पट्टी, किलोमीटरचा आकडा. गॅरेजला फोन केला. उत्तर मिळाले, "चेंबरला दगड लागला असेल." इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याला गॅरेजच्या बोलीत चेंबर म्हणतात, आणि त्याला दगड लागणे ही त्या व्यवसायातील सर्वकालीन सबब आहे. आम्ही चेंबरचाही फोटो घेतला. त्यावर पोचा नव्हता. मंडळींना दुसऱ्या गाडीने पुढे धाडले आणि आमची गाडी टोचन करून पुण्यास आणली.

गॅरेजमध्ये पोहोचल्यावर आम्ही शहाणपण गमावले. आम्ही आवाज चढवला, मालकाचाही चढला, चार माणसे जमली, अर्धा तास गेला आणि निष्पन्न शून्य. शेवटी आमचाच घसा बसला, तेव्हा आम्ही एवढेच म्हणालो, "आमच्यासमोर फिल्टर खोला." फिल्टर खोलला. नवी रिंग फिल्टरबरोबर आली. जुनी इंजिनालाच होती, काळी आणि चपटी. त्यानंतर कोणी काही बोलले नाही. अर्ध्या तासाच्या आरड्याओरड्याने जे झाले नाही ते दोन रुपयांच्या रबराने झाले.

या अनुभवातून, आणि पुढे कायद्याची पुस्तके चाळून, आम्ही जो क्रम ठरवला तो आता मांडतो.

पहिली गोष्ट, आपली तक्रार खरी आहे का हे स्वतःस विचारावे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. सर्व्हिसिंगनंतर दोन दिवसांनी बॅटरी बसली, म्हणजे ऑइल बदलणाऱ्याने ती बसवली असे होत नाही. बॅटरीचे आयुष्यच सरले असेल. म्हणून बिल समोर घ्यावे आणि पाहावे: कोणकोणत्या भागाला त्यांचा हात लागला? बिघडलेला भाग त्यांपैकी आहे का, किंवा त्याच्या वाटेवर आहे का? चाके काढली होती आणि नट सैल निघाले. ब्रेकचे काम केले होते आणि आत हवा राहून पेडल मऊ लागते. ऑइल सोडण्याचा नट इतका आवळला की आटेच गेले. एअर फिल्टर बदलला आणि पेटीचे झाकण उघडेच राहिले. अशा ठिकाणी हात आणि बिघाड यांचे नाते उघड दिसते. जेथे ते दिसत नाही तेथे आरोप करू नये, प्रश्न विचारावा.

दुसरी गोष्ट, गाडी चालवून गॅरेजपर्यंत नेण्याचा मोह टाळावा. ब्रेक, स्टिअरिंग, चाके आणि लाल दिवा, या चार बाबतींत एक फर्लांगही पुढे जाऊ नये. हा जिवाचा प्रश्न आहेच, पण हक्काचाही आहे. दिवा लागल्यानंतर आपण दहा किलोमीटर गाडी हाकली आणि इंजीन गेले, तर ते इंजीन कोणी घालवले हा प्रश्न गॅरेजवाला विचारील, आणि तो रास्त असेल.

तिसरी गोष्ट नोंदीची. तारीख, वेळ, किलोमीटर, फोटो, सोबत कोण होते, फोनवर काय बोलणे झाले, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. फोनवर बोलणे झाले तरी मागोमाग चार ओळींचा संदेश पाठवावा: 'आज अमुक वाजता आपल्याशी बोललो त्याप्रमाणे गाडी अमुक ठिकाणी बंद उभी आहे, आपण पाहणी करावी.' तोंडी शब्द वाऱ्यावर जातो. लिहिलेला शब्द दप्तरी राहतो. ते येण्यास नाकारतील, किंवा गाडी हलवणे भागच असेल, तर दुसऱ्या गॅरेजला काम द्यावे. मात्र खोलण्याआधी आणि खोलताना फोटो घ्यावेत, काय आढळले हे त्या गॅरेजकडून सहीशिक्क्यानिशी लिहून घ्यावे आणि काढलेला भाग घरी आणावा. तो भाग भंगारात गेला की आपली बाजूही भंगारात गेली.

चौथी गोष्ट, काय मागावे? येथे पुष्कळांची चूक होते. रागाच्या भरात माणूस एकतर काहीच मागत नाही, किंवा नवी गाडी मागतो. मागणीचे तीन भाग करावेत. जे काम चुकले ते विनामूल्य पुन्हा करणे, हा पहिला. त्या चुकीमुळे जो खर्च झाला, जसे टोचन, वाया गेलेले ऑइल, दुसऱ्या गॅरेजची तपासणी, तो पावत्यांसह, हा दुसरा. आणि चुकीमुळे आत काही इजा झाली आहे का याची तपासणी व लेखी निष्कर्ष, हा तिसरा. आमच्या प्रकरणी मालक म्हणाला, "ऑइल फुकट भरून देतो, विषय संपवू." आम्ही म्हणालो, नवे ऑइल हा विषयाचा शेवट नव्हे. दाबमापक लावून ऑइलचा दाब मोजा, आकडा लिहून द्या, टोचनाचे पैसे परत करा, आणि या प्रसंगामुळे इंजिनात पुढे दोष उद्भवल्यास काही काळ तरी जबाबदारी घ्या. पहिल्या तीन गोष्टी त्याने मान्य केल्या. चौथीला नकार दिला.

पाचवी गोष्ट बिलाची. 'काम नीट झाले नाही, पैसे देणार नाही' असे म्हणून गिऱ्हाईक अडून बसते, आणि गॅरेजवाला गाडी अडवून बसतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या १७० व्या कलमाने, ज्याने वस्तूवर ठरल्याप्रमाणे श्रम किंवा कौशल्य खर्च केले त्याला त्याचा योग्य मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेण्याचा हक्क दिला आहे. काम ठरल्याप्रमाणे झाले की नाही हाच वाद असेल तर तो हक्कही वादग्रस्त ठरतो, हे खरे. पण तो वाद मिटेपर्यंत गाडी त्याच्या आवारात उन्हात उभी राहते. म्हणून रक्कम आवाक्यातली असेल तर ती द्यावी, आणि बिलाच्या प्रतीवर 'हरकत नोंदवून पैसे दिले' असे लिहून कारण एका ओळीत नमूद करावे. पैसे दिल्याने तक्रारीचा हक्क जात नाही.

याच कायद्याची दुसरी बाजू आपल्या बाजूची आहे. आपण गाडी गॅरेजच्या स्वाधीन करतो तेव्हा ती त्यांच्याकडे एक प्रकारची ठेव असते. कायद्याच्या मराठीत तिला 'निक्षेप' म्हणतात. कलम १५१ सांगते की, सामान्य सुज्ञ माणूस स्वतःच्या तशा वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी ठेव घेणाऱ्याने घेतली पाहिजे. मग जॉब कार्डाच्या पाठीवर बारीक टाइपात 'गाडी मालकाच्या जोखमीवर' असे छापलेले असते त्याचे काय? १९९८ साली दिल्लीत एका मोठ्या हॉटेलच्या नोकराच्या हाती किल्ली दिलेली पाहुण्याची मोटार चोरीस गेली. तिच्या चिठ्ठीवरही जोखीम मालकाची असे छापले होते. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अशी चिठ्ठी दाखवून हॉटेलला स्वतःच्या किंवा आपल्या नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी झटकता येणार नाही. प्रसंग गॅरेजचा नव्हता. पण किल्ली हाती घेणाऱ्याची जबाबदारी कोणती, हा मुद्दा तोच आहे.

सहावी गोष्ट, पत्र. बोलणे खुंटले की भांडू नये, पत्र लिहावे. एक पान पुरते. गाडी केव्हा दिली, कोणते काम ठरले, किती रुपये दिले, केव्हा व कोठे बिघाड झाला, काय आढळले, आपली मागणी काय आणि उत्तरास किती दिवस. विशेषणे टाळावीत. 'आपण लबाड आहात' या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. 'फिल्टर उघडला असता दोन रिंगा आढळल्या, त्या वेळी आपण स्वतः हजर होता' या वाक्याने सर्व सिद्ध होते. पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. गॅरेज एखाद्या मोटार कंपनीचे अधिकृत केंद्र असेल तर कंपनीच्या ग्राहक विभागास प्रत धाडावी.

पत्रानेही भागले नाही, तर मग दार ठोठवावयाचे. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. खटल्यावाचून समेट घडवण्याचा प्रयत्न तेथून होतो. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी २०१९ चा कायदा आला आणि २० जुलै २०२० पासून तो अमलात येऊ लागला. त्याने एक मोठी सोय केली: गॅरेज कोठेही असो, आपण जेथे राहतो किंवा नोकरी करतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. वकील देण्याची सक्ती नाही. मुदत, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. तीन महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात बहुधा त्याहून अधिक काळ जातो, हेही सांगितले पाहिजे. टॅक्सी किंवा रिक्षा स्वतः चालवून पोट भरणारा माणूसही ग्राहकच आहे. धंद्याची गाडी म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. मात्र सेवेत उणीव होती हे दाखवण्याचा भार तक्रारदारावर असतो. म्हणजे फिरून आपण त्या शिरवळच्या मिस्त्रीपाशीच येतो: आधी फोटो काढा.

आणि मुळात हे सारे टाळावयाचे असेल, तर त्याचे उपाय अगदी साधे आहेत. गाडी देताना काम व अंदाजी खर्च जॉब कार्डावर लिहून घ्यावा. 'जनरल चेकअप' या दोन शब्दांवर सही करू नये. न विचारता जादा काम करू नये, असे लिहावे. काढलेले जुने भाग परत मागावेत. गाडी घेताना पट्टी काढून ऑइल पाहावे, सुपरवायझरला शेजारी बसवून एक फेरी मारावी, ब्रेक दाबून पाहावा. रात्री गाडीखाली एक जुने वर्तमानपत्र पसरावे. सकाळी त्यावरचा डाग सर्व काही सांगतो. चाके काढली असतील तर शंभरएक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घ्यावेत. आणि सर्व्हिसिंगच्या दुसऱ्याच दिवशी दूरच्या गावाला निघू नये. हा शेवटचा उपाय आम्ही लग्नाच्या जेवणाची किंमत देऊन शिकलो.

आता आमच्या गोष्टीचा शेवट. आमच्या पत्राला बाराव्या दिवशी उत्तर आले. चौथी मागणी सहा महिन्यांपुरती मान्य झाली. तडजोडीच्या कागदावर सही करताना मालक म्हणाला, "चिंता नको साहेब, सगळे पैसे त्या पोराच्या पगारातून वळते करून घेतो." ते पोर तेथेच उभे होते. सतरा-अठरा वर्षांचे, हात कोपरापर्यंत काळे. आम्हांस क्षणभर काही सुचले नाही. आमचा हक्क आम्ही मिळवला होता, आणि तो त्याच्या पगारातून निघणार होता.

आम्ही कलम खाली ठेवली. मालकाला म्हणालो, आमचा व्यवहार तुमच्याशी आहे, त्याच्याशी नव्हे. नोकराच्या कामातील चुकीला धनी जबाबदार, हा कायदा आहे. त्या मुलाला रिंग काढावयाची हे कोणी शिकवले नाही, आणि त्याचे काम दुसऱ्या कोणी तपासले नाही. ही चूक गॅरेजची आहे. पगार कापणार असाल, तर आम्ही सही करत नाही. मग त्या कागदावर दोन ओळी वाढल्या: पगार कापला जाणार नाही, आणि जॉब कार्डावर यापुढे 'जुनी रिंग काढली' असा रकाना राहील, त्यापुढे तपासणाऱ्याची सही होईल. मालकाने कुरकुरत का होईना, पण मान्य केले.

गॅरेजवाल्याशी भांडून आपण फार तर आपले पैसे वसूल करतो. त्या एका रकान्याने पुढच्या गिऱ्हाइकाचा घाट सुखरूप होतो. आजही आम्ही गाडी त्याच गॅरेजला देतो. आणि किल्ली घेण्यापूर्वी त्या रकान्यात सही आहे ना, हे आधी पाहतो.